डोळा पुढे आला, पण दुखणे नाकाचे

गेल्या पौषात यावल तालुक्यातील एक शेतकरी कुटुंब सहा वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आले. मुलाचा डावा डोळा पूर्ण मिटलेला होता, वरची पापणी जांभळासारखी टम्म फुगली होती आणि अंगात ताप होता. ते आधी डोळ्यांच्या दवाखान्यात गेले होते. तेथील डॉक्टरांनी डोळा तपासून लगेच चिठ्ठी लिहिली आणि त्यांना कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवले. ती चिठ्ठी हातात घट्ट धरून वडिलांनी मला उभ्याउभ्याच विचारले, "दुखनं डोयानं शे, मंग नाकना डॉक्टर काय करी?"

प्रश्न रास्त होता. डोळा सुजला की किडा चावला असेल, रांजणवाडी असेल, डोळे आले असतील, दृष्ट लागली असेल, असे घरात बोलले जाते. नाकाचे नाव कोणी काढत नाही. पण डोळा खोबणीतून पुढे ढकलला जातो तेव्हा त्यामागे बऱ्याचदा नाक आणि नाकाशेजारच्या पोकळ्या असतात. हे ज्या घराला ठाऊक असते, त्या घरातला रुग्ण वेळेत योग्य दारात पोहोचतो, म्हणून हा विषय सविस्तर मांडत आहे.

एकाच भिंतीची दोन घरे

आपल्या चेहऱ्याची हाडे भरीव नसतात. कपाळात, दोन्ही डोळ्यांच्या मधोमध, गालांत आणि नाकाच्या अगदी मागे, मेंदूच्या तळाशी, हवेने भरलेल्या पोकळ्या असतात. त्यांना सायनस म्हणतात. त्या आतून नाकासारख्याच ओलसर अस्तराने मढवलेल्या असतात आणि बारीक छिद्रांनी नाकात उघडतात. अस्तरातून सतत चिकट द्रव पाझरतो आणि तो त्या छिद्रांवाटे नाकात वाहून जातो. केळीच्या बागेत ठिबकच्या नळीचे तोंड गाळाने बसले की पाणी मागे तुंबते, तसेच सर्दीच्या सुजेने, ॲलर्जीने किंवा नाकात वाढलेल्या मांसाने ही छिद्रे बंद झाली की द्रव आत कोंडतो आणि त्यात जंतू वाढतात.

आता डोळ्याची खोबण पाहा. ती आडव्या ठेवलेल्या नरसाळ्यासारखी असते, तोंड पुढे आणि निमुळते टोक मागे. या नरसाळ्याच्या वर कपाळाचा सायनस, खाली गालाचा, आतल्या बाजूला नाक आणि डोळा यांच्यामधला, आणि मागच्या टोकाजवळ सर्वांत खोलवरचा सायनस असतो. फक्त कानाकडची बाजू मोकळी. डोळ्याचे घर असे नाकाच्या वाड्यात मधोमध बांधलेले आहे आणि बहुतेक भिंती सामाईक आहेत.

त्यातली नाकाकडची भिंत तर इतकी पातळ असते की शरीरशास्त्राच्या जुन्या पंडितांनी तिचे लॅटिन नावच 'कागदी पापुद्रा' या अर्थाचे ठेवले. तिची जाडी ०.२ ते ०.४ मिलिमीटर, म्हणजे साधारण लग्नपत्रिकेच्या कागदाएवढी. शिवाय तिच्यात रक्तवाहिन्या जाण्यासाठी छिद्रे असतात. रक्त एकाच दिशेला जावे यासाठी पायातल्या शिरांत जशा झडपा असतात, तशा या भागातल्या शिरांमध्ये जवळजवळ नसतात, त्यामुळे नाकातला संसर्ग शिरेतून उलटा डोळ्याकडे आणि पुढे मेंदूकडे जाऊ शकतो.

ही भिंत किती नाजूक आहे याचा पुरावा क्रिकेट खेळणाऱ्या पोरांमध्ये अधूनमधून दिसतो. चेंडू डोळ्याजवळ लागतो, फारसे काही दिसत नाही, पण मुलगा घरी जाऊन जोरात नाक शिंकरतो आणि त्याच क्षणी पापणी फुग्यासारखी फुगते. तिच्यावर बोट ठेवले तर खाली भुसा दाबल्यासारखे करकर लागते. ती नाकातली हवा असते, तडकलेल्या भिंतीतून डोळ्याच्या घरात शिरलेली.

डोळा पुढेच का सरकतो?

मोठ्या माणसाच्या खोबणीत सुमारे ३० मिलिलिटर जागा असते. खोकल्याच्या औषधाच्या दहा मिलिलिटरच्या झाकणाने तीन झाकणे, एवढीच. त्यातली सुमारे सात मिलिलिटर जागा बुबुळासह संपूर्ण नेत्रगोल व्यापतो आणि उरलेल्या जागेत चरबी, डोळा फिरवणारे स्नायू, रक्तवाहिन्या आणि दृष्टीची नस गच्च बसवलेली असते. चहूबाजूंनी हाड आहे, हाड ताणले जात नाही. मग अशा जागेत चार मिलिलिटर पू साठला, किंवा शेजारच्या पोकळीतली गाठ भिंत ढकलत आत आली, तर डोळ्याला सरकायला एकच दिशा उरते, पुढची. वैद्यकात याला प्रोप्टोसिस म्हणतात. आपण या लेखात 'डोळा पुढे येणे' असेच म्हणू.

दडपण सायनसच्या बाजूने येत असल्यामुळे डोळा सहसा नुसता पुढे येत नाही, तो दोषापासून दूर सरकतो. कपाळाच्या सायनसमधली गाठ त्याला खाली आणि बाहेर ढकलते, नाकाकडची गाठ कानाकडे, गालातली गाठ वर. म्हणूनच अनुभवी डॉक्टर यंत्राआधी नुसत्या नजरेने दोष कोणत्या खोलीत आहे याचा अंदाज बांधतो. सर्वांत खोलवरच्या सायनसचा आजार मात्र फसवतो; तेथे दृष्टीची नस भिंतीला लागूनच असते, त्यामुळे डोळा जेमतेम पुढे आलेला असतानाच नजर जाऊ लागते.

घरच्या घरी खात्री करायची असेल तर माणसाला खुर्चीवर बसवून, डोके थोडे मागे करून, आपण त्याच्या पाठीमागे उभे राहावे आणि कपाळावरून खाली पाहावे. कोणता डोळा भुवईच्या पुढे जास्त डोकावतो ते लगेच कळते. दोन डोळ्यांत दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर तो तपासून घेण्यासारखा असतो. मी रुग्णांना जुना फोटोही आणायला सांगतो. आधार कार्डावरचा फोटो लहान असला तरी कामाला येतो, लग्नाचा अल्बम त्याहून बरा. कारण "हा डोळा पहिल्यापासूनच असा आहे" असे घरचे लोक अगदी प्रामाणिकपणे सांगतात, आणि फोटो वेगळेच सांगतो.

मला पहिला प्रश्न विचारायचा असतो तो वेळेचा

डोळा किती पुढे आला आहे यापेक्षा तो किती दिवसांत आला, हे मला आधी हवे असते. या एका उत्तराने निम्मे निदान होते, आणि ते उत्तर स्कॅनच्या मशीनजवळ नसते, घरच्या माणसांजवळ असते.

तासांत किंवा दोन-चार दिवसांत डोळा आला, सोबत ताप आणि सूज असली, तर तो बहुधा जंतुसंसर्ग असतो. लहान मुलांमध्ये हेच सर्वांत जास्त दिसते, कारण नाक आणि डोळा यांच्यामधला सायनस जन्मापासूनच असतो, तर कपाळाचा बऱ्याच वर्षांनी तयार होतो. यावलच्या मुलाला आठवडाभर सर्दी होती, नाकातून पिवळा-हिरवा शेंबूड येत होता आणि त्याच बाजूचा डोळा सुजला होता. येथे डॉक्टर एक भेद कसोशीने पाहतो. पापणीच्या मागे एक पातळ पडदा असतो. सूज पडद्याच्या पुढेच असेल तर पापणी कितीही फुगली तरी ती हाताने उचलल्यावर आतला डोळा पांढरा दिसतो, सगळीकडे फिरतो आणि नीट पाहतो. सूज पडद्याच्या मागे गेली असेल तर डोळा फिरवताना दुखते, तो अडकल्यासारखा होतो, एकाच्या दोन वस्तू दिसतात. या मुलाचा डोळा वर आणि नाकाकडे फिरत नव्हता.

चँडलर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७० मध्ये या संसर्गाच्या पाच पायऱ्या मांडल्या आणि आजही डॉक्टर त्याच वापरतात. पहिली नुसत्या पापणीच्या सुजेची. दुसरी खोबणीतल्या चरबीला सूज येण्याची. तिसरी हाड आणि त्यावरचे अस्तर यांच्यामध्ये पू साठण्याची. चौथी खोबणीतच पू होण्याची. आणि पाचवी, मेंदूच्या तळाशी असलेल्या मोठ्या शिरेत रक्त गोठण्याची. पाचव्या पायरीवर दुसराही डोळा सुजू लागतो, रुग्ण गुंगीत जातो आणि गोष्ट जिवावर बेतते. या पायऱ्या नेहमी एकामागून एक येतातच असे नाही आणि कधीकधी एका रात्रीत दोन ओलांडल्या जातात.

मधुमेह, आणि नाकातली काळी खपली

तासांच्या हिशेबातला दुसरा आजार आपल्याकडे २०२१ च्या उन्हाळ्यात घरोघरी कळला. कोरोनानंतर म्युकरमायकोसिसचे रुग्ण इतके वाढले की मे २०२१ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना १८९७ च्या साथरोग कायद्याखाली त्याची नोंद सक्तीची करण्यास सांगितले, आणि ॲम्फोटेरिसिन या इंजेक्शनसाठी नातेवाइकांना जिल्ह्याजिल्ह्यांत फिरावे लागले. 'काळी बुरशी' हे नाव मला तेव्हाही खटकत होते. ही बुरशी स्वतः काळी नसते. ती रक्तवाहिन्यांत शिरून त्या बंद करते, रक्त न मिळालेला भाग मरतो, आणि मेलेली कातडी-मांस काळे पडते.

साथ ओसरली म्हणून हा आजार संपला, असे समजू नये. त्याचे मूळ कारण कोरोनाच्या आधीही बेसुमार वाढलेली साखर हेच होते आणि आजही आहे. मधुमेही माणसाच्या एका गालाला बधिरपणा आला, एका बाजूचे डोके ठणकू लागले, नाकातून काळपट खपली किंवा रक्ताळलेले पाणी आले, टाळूवर काळा डाग दिसला किंवा पापणी पडली, तर डोळा पुढे येण्याची वाट पाहू नये. हा आजार एकाचा दुसऱ्याला होत नाही, त्यामुळे रुग्णाजवळ जायला घाबरण्याचे कारण नाही. २०२१ मध्ये राज्य सरकारने त्याचा उपचार महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत घेतला. रुग्णालयात गेल्यावर योजनेच्या खिडकीवर पहिल्याच दिवशी चौकशी करावी, कारण कागदपत्रे जमवताना दोन-तीन दिवस सहज जातात.

महिने आणि वर्षे घेणारे आजार

काही वेळा डोळा इतका हळू सरकतो की रोज पाहणाऱ्याला कळतच नाही. यात पहिला म्युकोसील. एखाद्या सायनसचे तोंड कायमचे बंद होते, जुन्या माराने, जुन्या ऑपरेशनने किंवा वारंवारच्या सर्दीने, पण अस्तर पाझरतच राहते. उपसा बंद झालेल्या पण झरे जिवंत असलेल्या विहिरीसारखी ती पोकळी भरत जाते आणि वर्षानुवर्षांच्या दाबाने हाड झिजवत डोळ्याच्या घरात फुगवटा आणते. दुखत नाही, नजर बहुधा चांगली असते. भुवईखाली एक मऊसर उंचवटा हाताला लागतो आणि डोळा खाली-बाहेर गेलेला दिसतो. ही गाठ कर्करोगाची नसते. तिचे तोंड नाकात मोकळे करून दिले की काम होते.

दुसरा आजार खान्देशासारख्या उष्ण, कोरड्या मुलखात लक्षात ठेवण्यासारखा आहे. हवेत, मातीत, साठवलेल्या शेंगदाण्यात आणि मक्यात ॲस्परजिलस जातीच्या बुरशीचे बीजकण असतात आणि ते आपण सगळेच श्वासात घेतो. बहुतेकांना काही होत नाही. काहींच्या नाकाला मात्र त्यांची ॲलर्जी असते. मग नाकात द्राक्षाच्या घडासारखे कोंब वाढतात आणि सायनस एका घट्ट, चिकट, तपकिरी-हिरवट मळाने भरतात. ऑपरेशनमध्ये तो बाहेर येतो तेव्हा भिजवलेल्या पेंडीसारखा दिसतो. असे रुग्ण बहुधा तरुण असतात, नाक वर्षानुवर्षे चोंदलेले असते, वास येत नाही, आणि "नाकाचं हाड वाढलंय" असे त्यांना कोणीतरी सांगितलेले असते. ही बुरशी हाडात घुसत नाही, नुसती ढकलते.

याच कुळातल्या बुरशीचा एक कडक प्रकार आहे. तो धडधाकट माणसालाही होतो, सुदान, भारत, पाकिस्तान, सौदी अरेबिया अशा कोरड्या देशांतून त्याची नोंद जास्त आहे, आणि त्यात डोळ्याभोवती दगडासारखी गाठ तयार होते. तो कर्करोग किंवा क्षयासारखा भासतो, म्हणून मांसाचा तुकडा तपासल्याशिवाय निदान होत नाही आणि औषधे महिनोन्महिने घ्यावी लागतात.

गाठीचे नाव काढले म्हणून सांगतो. गालातल्या सायनसचा कर्करोग फार उशिरा बोलतो. एकाच नाकपुडीतून रक्ताळलेले पाणी, वरचे दात हलणे, बसणारी कवळी अचानक न बसणे, गाल बधिर होणे, एका डोळ्यातून सतत पाणी, ही त्याची आधीची कुजबुज असते. सागवान-शिसमासारख्या कठीण लाकडाच्या भुशात वर्षानुवर्षे काम करणाऱ्या सुतारांमध्ये नाकाच्या एका प्रकारच्या कर्करोगाचा धोका वाढतो हे सिद्ध झालेले आहे, आणि आपल्या कारखान्यांत तोंडाला रुमाल बांधण्यापलीकडे काही केले जात नाही याचे मला वाईट वाटते. किशोरवयीन मुलांचा घोळणा फुटला की उन्हाने फुटला म्हणतात, आणि भुसावळ-जळगावच्या उन्हात ते बहुतेकदा खरेही असते. पण मुलगा दहा ते वीस वर्षांचा असेल, एकाच बाजूने वारंवार आणि भरपूर रक्त येत असेल आणि ती नाकपुडी चोंदलेली असेल, तर आत रक्तवाहिन्यांनी भरलेली एक विशिष्ट गाठ असू शकते. तिचा तुकडा बाहेरच्या खोलीत बसल्याबसल्या काढू नये. रक्त थांबत नाही.

'दोन्ही डोळे मोठे दिसतात, तेही नाकामुळेच का?'

बहुधा नाही. मोठ्या माणसांमध्ये डोळे पुढे येण्याचे सर्वांत नेहमीचे कारण थायरॉइडचा आजार हे आहे. त्यात अनेकदा दोन्ही डोळे बटबटीत दिसतात, वरची पापणी वर ओढलेली राहते, वजन उतरते, छाती धडधडते. कधीकधी थायरॉइडमध्येही एकच डोळा पुढे येतो, म्हणून रक्ताची ती साधी तपासणी आम्ही करतोच. उलट, एकच डोळा पुढे आला आणि त्याच बाजूचे नाक चोंदलेले, वाहणारे किंवा रक्ताळलेले असेल, तर नाकावरचा संशय बळावतो.

'सर्दी तर सगळ्यांनाच होते, मग प्रत्येक वेळी घाबरायचे का?'

नाही. शंभर सर्द्यांतल्या जवळपास सगळ्या आपोआप बऱ्या होतात. पण सर्दी दहा दिवसांहून जास्त चालली, बरी होता होता पुन्हा ताप आला, किंवा सर्दीत एका डोळ्याची पापणी सुजली, तर ती सर्दी वेगळी. वरच्या दाढेच्या किडीतूनही गालातला सायनस पिकतो, हेही विसरू नये. सुजलेल्या डोळ्यावर शेक देणे, अंगारा लावणे, मेडिकलमधून कोणाच्या सांगण्यावरून थेंब आणून टाकणे यात मौल्यवान तास जातात. त्या थेंबांत स्टिरॉइड असले तर लाली कमी झाल्यासारखी वाटते आणि आत संसर्ग पसरत राहतो.

दृष्टीची नस दबू लागल्याची खूण घरातही तपासता येते. कुंकवाची डबी किंवा लाल मिरची आधी चांगल्या डोळ्यासमोर, मग सुजलेल्या डोळ्यासमोर धरावी आणि दुसरा डोळा झाकावा. लाल रंग फिका, मातकट दिसत असेल तर रात्र असली तरी निघावे. १०८ ची गाडी त्यासाठीच आहे.

'गोळ्यांनी बरे होत असेल तर ऑपरेशन कशाला? आणि सीटी स्कॅनच्या किरणांचे काय?'

सूज पडद्यामागे गेलेल्या मुलाला गोळ्या पुरत नाहीत, शिरेतून औषध द्यावे लागते आणि दर काही तासांनी नजर तपासावी लागते. पुष्कळ मुले, विशेषतः नऊ वर्षांखालची आणि थोडाच पू झालेली, एवढ्यानेच बरी होतात. नजर कमी होऊ लागली, पू मोठा असला किंवा २४ ते ४८ तासांत उतार पडला नाही, तर पू काढावा लागतो. तो कोठे आहे हे सीटी स्कॅनशिवाय दिसत नाही. एका स्कॅनच्या किरणांचा धोका फार थोडा असतो आणि डोळा जाण्याचा धोका समोर उभा असतो. या तराजूत मला कधी शंका वाटली नाही. एमआरआयमध्ये किरण नसतात, पण त्याला वेळ लागतो आणि लहान मूल तेवढे स्थिर राहत नाही. मेंदूकडे पसरल्याचा संशय असेल किंवा गाठ असेल तेव्हा मात्र एमआरआय उपयोगी पडतो.

यावलच्या मुलाला आम्ही तिसऱ्या पायरीवर धरले. छत्तीस तास औषध दिल्यावर ताप उतरला, पण सकाळच्या तपासणीत सलाइनच्या बाटलीचे लाल झाकण त्याने त्या डोळ्याने "चॉकलेटी" म्हणून सांगितले. आम्ही दुपारीच ऑपरेशन केले.

'नाकातून दुर्बीण घालताना डोळ्यालाच धक्का लागला तर?'

ही भीती खोटी नाही. तीच कागदी भिंत सर्जनच्या हत्याराजवळ असते आणि ती ओलांडली गेली तर रक्तस्रावाने किंवा नस-स्नायू दुखावल्याने नजरेला इजा होऊ शकते. अशी इजा क्वचितच होते, पण सर्जनला विचारण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे. पूर्वी नाकाच्या बाजूला बाहेरून छेद घेऊन पू काढत. गेल्या चार दशकांत दुर्बिणीचे ऑपरेशन रुळले, त्यात चेहऱ्यावर व्रण राहत नाही आणि सायनसचे नैसर्गिक तोंडच मोठे करून दिले जाते, म्हणजे पुढचा निचराही सुधारतो. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. प्रत्येक वेळी नाशिक किंवा सुरत गाठायलाच हवे असे राहिलेले नाही. मात्र तेथे आज सीटी आणि दुर्बीण दोन्ही उपलब्ध आहेत का, हे निघण्यापूर्वी फोन करून विचारावे.

डोळा परत जागेवर बसतो का?

पू काढलेल्या मुलांमध्ये लवकर बसतो. त्या मुलाने तिसऱ्या दिवशी स्वतःहून डोळा उघडला आणि वडिलांनी त्याला पहिल्यांदा विचारले ते हेच, की बाटलीचे झाकण कोणत्या रंगाचे आहे. म्युकोसीलमध्ये डोळा काही आठवड्यांत हळूहळू मागे जातो आणि तोवर थोडे दिवस एकाचे दोन दिसू शकतात, कारण मेंदूला डोळ्याच्या जुन्या जागेची सवय नव्याने करून घ्यावी लागते. दृष्टीची नस बराच वेळ दबून गेलेली नजर मात्र डोळा जागेवर आला तरी परत येईलच असे नाही.

ॲलर्जीच्या बुरशीचे रुग्ण सर्वांत जास्त अडचणीत येतात, कारण तो आजार पुन्हा उलटतो. मिठाच्या कोमट पाण्याने रोज नाक धुणे, नाकातला स्प्रे आणि दुर्बिणीने फेरतपासणी हे वर्षानुवर्षे चालवावे लागते. डोळा सरळ दिसू लागला की लोक येणे थांबवतात, आणि कापसाच्या वेचणीच्या महिन्यांत तर कोणाचीच तारीख पाळली जात नाही. म्हणून मी आता त्यांना फेरतपासणीची तारीख वेचणी सुरू होण्यापूर्वीची देतो, आणि ती चिठ्ठीवर लिहून घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हातात ठेवतो.